मुंडकं नसलेल्या माणसाचं माप

६ फेब्रुवारी

चेंडू,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. पत्र अशासाठी की फोन आईच्या ताब्यात आहे. ती तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावते. मी तुझ्याशी बोलायला लागले की बाबा बोलतात, शेजारच्या काकू बोलतात, परवा तर पँट आखूड करायला आलेल्या गिऱ्हाइकानेही तुला दोन गोष्टी सुनावल्या. मला तुझ्याशी एकटीने बोलायचं होतं.

तर बातमी. माझं लग्न ठरलं. बारा मे. मुलगा घड्याळं दुरुस्त करतो. बोलतो कमी आणि ऐकतो जास्त, म्हणजे आपल्या घरात त्याचं निभावेल. त्याने विचारलं, भाऊ काय करतो? मी म्हटलं, बिस्किटाच्या कारखान्यात आहे. तो म्हणाला, वा. एवढंच. पण मनापासून म्हणाला.

तुझा कोट मी शिवणार. आख्ख्या गल्लीचे कपडे मी शिवते आणि माझाच भाऊ दुकानातला तयार कोट घालून उभा राहिला तर मला मशीन विकून घरी बसावं लागेल. तेव्हा मापं पाठव. स्वतःची स्वतः घेऊ नकोस, टेप बघायला वाकलास की कंबर बदलते. तुझ्या खोलीतले ते भट्टीवाले तात्या आहेत ना, त्यांना घ्यायला सांग. सरळ उभा राहा. श्वास सोड. पोट आत ओढू नकोस, मला इथे बसून कळतं.

आणि दोन वर्षं झाली, तू घरी आला नाहीस. कधी रजा नाही, कधी गाडी नाही, एकदा तर म्हणालास पायात चप्पल नाही. या खेपेला काही चालायचं नाही. भाऊ एकच आहे. फाटला तर ठिगळ लावून वापरीन, पण लग्नात तोच हवा.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

ताई! ताई! ताई!

तुझं पत्र मी कारखान्यातल्या पट्ट्यापाशी उभ्या उभ्या वाचलं आणि एवढ्यांदा ओरडलो की पुडे बांधणाऱ्या बायांना वाटलं उंदीर निघाला. त्या गोंधळात पाचसहा तुटकी बिस्किटं चांगल्या पुड्यात गेली. जाऊ देत. कुणीतरी पुडा फोडून शिव्या घालील, त्याला काय माहीत माझ्या ताईचं लग्न आहे.

माझं काम तसं तेच. भट्टीतून बिस्किटं पट्ट्यावरून येतात, मी त्यातली तुटकी उचलायची, चांगली पुढे जातात. तुटका माल कामगारांचा, असा इथला नियम आहे. चांगला नियम आहे. त्यामुळे अंगात थोडा फरक पडलाय. थोडाच.

मापं घे लिहून. छाती चव्वेचाळीस. कंबर अठ्ठावीस. खांदा एकोणीस. बाही तू म्हणशील तेवढी. हे तात्यांनीच घेतलंय. म्हणाले, असा बांधा आपण आजवर बघितला नाही. तू सांगितलंस तसा सरळ उभा होतो. श्वास सोडायचं म्हणालीस, तर मी श्वास घेतलाच नाही. जरासुद्धा हललो नाही.

कोट निळा कर. भावोजींना सांग, माझं घड्याळ पाण्यात पडलंय.

तुझा भाऊ


२४ फेब्रुवारी

चेंडू,

मापं वाचली. आधी हसले, मग परत वाचली, मग चष्मा लावून वाचली.

मी सोळाव्या वर्षापासून माणसं मापते. छाती एवढी आणि कंबर एवढी, असा माणूस माझ्यासमोर अजून उभा राहिलेला नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. एकाला ओळखते. तो कपड्याच्या दुकानात काचेमागे उभा असतो, श्वास घेत नाही, हलत नाही, आणि त्याला मुंडकं नसतं. एक हात त्याचा कोपरात वाकलेला असतो. तुझाही होता का रे?

कापड आणलंय. निळंच. चांगलं जाड, सुरकुती न पडणारं. आता तूच सांग, कुणाच्या मापाने बेतू?

आई म्हणते जेवतोस का. मी म्हटलं, कंबर अठ्ठावीस असेल तर नाही जेवत.

ताई


१० मार्च

ताई,

वाकून नमस्कार. हे नुसतं लिहिलंय. वाकता येत नाहीये, का ते पुढे येईल.

हो. पुतळाच होता. झालं समाधान?

कोपऱ्यावर कपड्यांचं मोठं दुकान आहे. रोज येताजाता तो दिसतो. निळा कोट, एक हात वाकवलेला, जसं काही कुणी त्याला चहा घेणार का विचारलंय आणि तो विचार करतोय. विचार करायला डोकं नाही ही गोष्ट वेगळी. तुझं मापाचं पत्र आलं त्या दिवशी मी कारखान्यातनं टेप घेऊन सरळ आत गेलो. दोन्ही हात त्याच्या छातीभोवती घातले आणि मागे टेपचं टोक शोधत होतो, तेवढ्यात दुकानदार आला.

"काय चाललंय?"

"माप घेतोय."

"कुणाचं?"

"माझं."

ताई, तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग पुतळ्याकडे. मग परत माझ्याकडे. पोटापाशी जरा जास्त वेळ थांबला. आणि निघून गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता खरं सांगतो. मी सुटलोय. थोडा नाही, चांगला सुटलोय. दोन वर्षं तुटकी बिस्किटं खाल्ली, दुसरं काय होणार. आल्या आल्या घेतलेल्या पँटी आता तात्या भट्टीची दारं पुसायला वापरतात. आणि तुला आठवतं का, निघताना गाडीच्या दारात उभा राहून मी काय म्हणालो होतो? सगळी गल्ली होती तिथे. म्हणालो होतो, आता चेंडू म्हणून परत येणार नाही, पिळदार गडी होऊन येईन. लहानपणापासून ऐकतोय, चेंडू इकडे ये, चेंडू तिकडे जा. गोल म्हणून चेंडू. आणि मधे कधी आलो असतो तर आणखी मोठा चेंडू होऊन आलो असतो. म्हणून रजा नव्हती. म्हणून चप्पल नव्हती.

पण आता बघच. मी जिम लावलीय. तिथला उस्ताद असा आहे की त्याला मानच नाही, डोकं थेट खांद्यावर ठेवलंय. पुतळ्याचं धड आणि याचं डोकं, दोघांत मिळून एक पूर्ण माणूस होईल. उस्ताद म्हणाला, पहिल्या दिवशी हलकंच कर. मी म्हटलं, माझ्याकडे मेपर्यंतच वेळ आहे. त्याने खांदे उडवले, ते कानाच्या वर गेले. मग मी काय ऐकतो! जे उचलतं ते उचललं, जे उचलत नाही ते ढकललं, शेवटी उस्तादाचं टेबलही या भिंतीपासून त्या भिंतीला नेलं. तो म्हणाला, ते व्यायामाचं नाहीये रे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदरा काढायला गेलो आणि अडकलो. हात वर राहिले, डोकं सदऱ्यात, आणि पुढे काही होईना. तात्या चहा घेऊन आले, उंबऱ्यातच थांबले आणि म्हणाले, "झालास बाबा त्याच्यासारखा. मुंडकं गेलं."

कामावर हात वळेना, म्हणून बिस्किट उचलायला आख्खा कमरेतून वळत होतो. शेजारची पुडेवाली म्हणाली, माणूस आहे का कपाटाचं दार.

तरी मी हटणार नाही. ताकदीच्या पावडरच्या डब्याबरोबर एक मोठं चित्र मिळालं, सगळे स्नायू फुगवलेला माणूस. मी त्याच्या तोंडावर माझा ओळखपत्राचा फोटो चिकटवून भिंतीला लावलाय. तात्या रोज सकाळी उठतात आणि दचकतात. शपथ पण घेतलीय. साखर बंद, चहा बंद, दुपारची झोप बंद, तुटकं बिस्किट तर जन्मात बंद. तात्या म्हणाले, श्वास चालू ठेव.

तेव्हा कोट त्याच मापाचा शिव. मी त्या मापाचा होऊनच येतो. आणि एक ऐक, नवऱ्याकडच्या माणसांसमोर मला चेंडू म्हणायचं नाही.

तुझा (सध्या न वाकणारा) भाऊ


२० मार्च

अरे,

(बघ, चेंडू लिहिलं नाही.)

तुझं पत्र तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. दुकानदाराचा प्रसंग आला तिथे ते पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्याने हसले आणि हातातला बारीक स्क्रू कुठेतरी उडाला. दोघं अर्धा तास जमिनीवर रांगत होतो. सापडला नाही. कुणाचं तरी घड्याळ त्याच्यावाचून अडलंय आणि ते पाप तुझ्या डोक्यावर.

शपथ घेतलीस ते वाचलं. तू सातवीत शाळा सोडलीस तेव्हाही शपथ घेतली होतीस, की घरी बसून रोज पुस्तक वाचीन. पहिल्या दिवशी आख्खं पुस्तक वाचलंस, दुसऱ्या दिवशी डोळे दुखले, तिसऱ्या दिवशी पुस्तक कुठे गेलं ते आजतागायत कळलेलं नाही. तुझी तऱ्हाच आहे, एक तर आख्खं नाही तर काहीच नाही. तेवढं सांभाळ.

कोटाचं म्हणशील तर कापड टेबलावर पसरून ठेवलंय. कात्रीला धार लावून आणली. बाकी तुझी मर्जी.

आई म्हणते चहा सोडू नकोस, डोकं दुखेल.

ताई


१२ एप्रिल

ती. ताईस सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, कारखान्यात सध्या कामाचा फार जोर असल्याकारणाने मला मे महिन्यात रजा मिळणे शक्य दिसत नाही. तरी वाईट वाटून घेऊ नये. लग्न व्यवस्थित पार पडो. तयार झालेला कोट दुसऱ्या कुणाला होत असल्यास द्यावा. माझी प्रकृती उत्तम आहे.

भावोजींना नमस्कार.

आपला भाऊ

[त्याच पाकिटात, बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर]

मुली, मी तात्या. तुझा भाऊ पाकीट चिकटवायला मला देतो, मी वाचत नाही, पण याने वाचून दाखवलं आणि विचारलं, खरं वाटतं का. मी म्हटलं, झकास वाटतं. रजा त्याची कधीच मंजूर झालीय. तुझं कात्रीला धार लावल्याचं पत्र आल्यापासून म्हणतो, कोट कापला, आता मी मेलो. वर लाल बटणाची भानगड झाली, तेव्हापासून जिम बंद आहे, भिंतीवरचं चित्र उलटं करून लावलंय आणि रोज डबाभर बिस्किटं संपतात. लाल बटणाचं त्यालाच विचार. माझ्या सांगण्यात ती मजा येणार नाही.


१८ एप्रिल

चेंडू,

हो, चेंडू. आता ऐक.

तू "पत्रास कारण की" लिहिलंस तिथेच कळलं खोटं आहे. जन्मात कधी लिहिलं नाहीस. "प्रकृती उत्तम आहे" म्हणे! तात्यांवर रागावू नकोस, त्यांनी नसतं कळवलं तरी मी गाडीत बसून तिकडे आले असते, पट्ट्यावर चढले असते आणि तुला तुटका माल म्हणून उचलून आणला असता.

कोट कापलेला नाही. टेबलावर कापड पसरलंय, कात्रीला धार आहे, आणि कापड जसंच्या तसं आहे. काकू रोज येऊन विचारतात, अजून कापलं नाहीस? मी सांगते, माणूस यायचाय. समोर माणूस उभा असल्याशिवाय मी कात्री लावत नाही रे. तो पुतळा आला असता तर त्याच्या मापाचा शिवला असता. तू येशील तर तुझ्या. कापडाला काय त्याचं.

आणि एक. चेंडू हे नाव तुला मी ठेवलं, तेव्हा तू काडीसारखा होतास. बरगड्या मोजता यायच्या. पण खाली ठेवलं की टणकन उठून दुसरीकडे. दार उघडं दिसलं की रस्त्यावर. आई म्हणायची, धर त्याला. मी म्हणायचे, धरून काय होतंय, चेंडू आहे, गेला तसा येईल. आणि यायचास. गुडघे फोडून यायचास, पण यायचास. म्हणून चेंडू. तू गोल नंतर झालास, तो तुझा तू.

आता दोन वर्षं झाली, गेलेला चेंडू परत आलेला नाही. लग्नाच्या फोटोत माझ्या शेजारी कोट नाही उभा राहिला तरी चालेल. बनियनवर ये. पण तू नसलास तर मी त्या जागी कुणाला उभं करू? तो फोटो मला जन्मभर बघायचाय.

चार दिवस आधी ये. शिवायला तेवढे लागतात.

आणि लाल बटण काय आहे?

ताई


२६ एप्रिल

ताई,

पत्र वाचलं आणि डोळ्यात काहीतरी गेलं. भट्टीची राख असेल. तात्या म्हणाले, भट्टी गॅसवर आहे.

लाल बटण सांगतो. हसायचं नाही. हसलीस तरी मला कळवायचं नाही.

शपथ घेतल्यापासून मी एक तुकडासुद्धा तोंडात टाकला नव्हता. दिवसभर समोरून बिस्किटं जातात आणि मी असा उभा, भिंतीवरच्या चित्रासारखा. एके दिवशी दुपारी पट्ट्यावरनं एक तुटकं आलं. अर्धंच. कडेने जरा जास्त भाजलेलं, मला आवडतं तसं. हाताने उचललं. आणि ताई, दोन वर्षांची सवय, डब्यात टाकायचं ते तोंडात टाकलं. चावलं. गिळलं. आणि मग माझ्या लक्षात आलं.

शपथ मोडली! माझ्या डोळ्यांसमोर तू, भावोजी, कोट, आख्खी गल्ली, सगळं फिरायला लागलं. वाटलं, आता संपलं, जगच थांबलं पाहिजे. आणि शेजारी भिंतीवर लाल बटण आहे. कुणाचा हात मशीनमध्ये गेला तर दाबायचं. मी ते दाबलं.

घंटा वाजली. पट्टा थांबला. सगळीकडे एकदम एवढी शांतता झाली की लोकांना कसंतरीच झालं. चारी बाजूंनी माणसं धावत आली. आमच्या पाळीची मॅडम सगळ्यांत पुढे, हातात पट्ट्या, औषधाची पेटी.

"कुणाचा हात गेला? कुणाचा?"

मी म्हटलं, "हात नाही गेला."

"मग काय झालं?"

"मी बिस्किट खाल्लं."

मॅडमनी पेटी खाली ठेवली. त्यांना वाटलं, आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली. परत विचारलं. मी परत सांगितलं. मागून ती पुडेवाली म्हणाली, "दोन वर्षं खातोय, आज कळलं वाटतं याला."

तेवढ्यात भट्टीकडनं तात्यांचा आवाज आला. पट्टा थांबला की भट्टीतला माल भट्टीतच राहतो. आतली सगळी बिस्किटं कोळसा झाली. एक खाल्लं म्हणून मी दोन ट्रॉल्या माल जाळला! धूर एवढा झाला की समोरच्या कारखान्यातली माणसं आम्हाला मदत करायला बादल्या घेऊन आली. मला वाटलं होतं, मॅडम हाकलून देतील. त्या नुसत्या एवढंच म्हणाल्या, आणि ओरडून पण नाही, दमून म्हणाल्या, "अरे, एक तुटलं तर एक उचलायचं. पट्टा कशाला थांबवतोस?"

त्या दिवशी मला ते नीट ऐकूच आलं नाही. मी खोलीवर गेलो आणि म्हटलं, मोडलीच आहे शपथ तर आता काय, आणि डबा घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशी परत. जिमला कशाला जायचं, एक खाल्लेला माणूस तो! मग तुला ते "पत्रास कारण की" लिहिलं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पट्ट्यापाशीच होतो. वाचून खिशात घातलं आणि कामाला लागलो. एक तुटकं आलं, उचललं. दुसरं आलं, उचललं. मधली चांगली सगळी चालली होती पुढे, नीट रांगेत. आणि मला मॅडमचं बोलणं त्या वेळी ऐकू आलं, म्हणजे आठवडे उलटून गेल्यावर. रोज हेच काम करतो मी. तुटकं निघणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तर मला तिथे उभा केलाय! भट्टी कितीही चांगली असो. तरी कुणी पट्टा बंद करत नाही. एक सोडून.

मग संध्याकाळी परत जिमला गेलो. उस्ताद म्हणाला, टेबल जागेवरच राहू दे हां. मी थोडंच केलं. दुसऱ्या दिवशी सदरा माझा मी काढला. सकाळी तात्यांबरोबर चालत कामावर येतो, तात्या हळू चालतात पण थांबत नाहीत, मी आपला त्यांच्याभोवती चकरा मारतो. परवा कुणाच्या तरी वाढदिवसाला केक होता, दोन तुकडे खाल्ले. बटणाकडे बघितलंसुद्धा नाही. सकाळी उठून चालायला गेलो.

चहा चालू केलाय, आईला सांग. चित्र काढलं भिंतीवरनं. माझा फोटो सोडवून घेतला, तर त्या माणसाचं तोंड फाटलं. आता त्यालाही मुंडकं नाही.

कंबर अठ्ठावीस नाहीये. अठ्ठावीसच्या गावाला पण गेलेली नाही. काय आहे ते तूच बघ. आठ तारखेला सकाळी पोचतो. लांब टेप काढून ठेव.

तुझा चेंडू


३० मे

ताई,

हे पत्र तुझ्या नव्या पत्त्यावर पहिलंच. भावोजी तुझ्याआधी फोडणार नाहीत ना? फोडलं असेल तर भावोजी, नमस्कार, आणि माझं घड्याळ पाच मिनिटं पुढे चालतंय, असू दे, मॅडम खूश आहेत.

फोटो मिळाला. खोलीत लावलाय, चित्र होतं त्याच खिळ्याला. तात्या आता दचकत नाहीत. पण त्यांना सगळं नीट सांगावं लागलं, म्हणून तुलाही सांगतो, कारण तू त्या गडबडीत होतीस, तुला अर्धंच माहीत असेल.

तू माप घेतलंस ना, त्या सकाळी, मी पोट आत ओढलं होतं. थोडंसंच. सवय आहे गं. तू टेप लावलास, माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि आकडा लिहिलास. मला वाटलं, फसली. मग फोटोच्या वेळी मी कोट घालून तुझ्या शेजारी, तोंड लाल, फुगा धरून ठेवल्यासारखा. फोटोवाला म्हणतोय, हसा. मी कसला हसतो, श्वासच बंद! आणि तू समोर बघत, ओठ न हलवता म्हणालीस, "सोड रे." तेव्हा मी सोडला.

बटण सुटलं ते कोटातून उडून सरळ भावोजींकडे गेलं आणि त्यांनी एका हाताने हवेतच झेललं. बारीक वस्तू उडाल्या की पकडायच्या, त्यांचा धंदाच तो. स्क्रू तेवढा सुटला होता. त्यांच्याकडची सगळी माणसं बघतायत. मी मनात म्हटलं, आता थांबव जग. आणि भावोजी बटणाकडे बघून, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वा."

तोच फोटो आहे. सगळ्यांचे कोट सरळ, माझा एकट्याचा उघडा, आणि मी एकटाच एवढा हसतोय की डोळे दिसत नाहीत. तात्या म्हणाले, "हा बरा आहे. याला मुंडकं आहे."

परत आल्यावर कोट उलटून बघितला. दोन्ही बाजूंना आत, उसवून वाढवायला, चांगली चार बोटं माया सोडलीयस. म्हणजे तुला सगळं कळलं होतं. बरं, असू दे.

जिम चालू आहे. उस्तादाने टेबल जमिनीला ठोकून घेतलंय. दर रविवारी कोट घालून बघतो. कधी छान बसतो, कधी पोटापाशी ओढतो. ओढला तरी जिमला जातो. बसला तरी जातो. परवा त्या दुकानावरनं चाललो होतो, तो काचेत तसाच उभा, हात वाकवून. दुकानदाराने मला ओळखलं आणि घाईने पुतळा आत ओढला.

बटण माझ्याकडे आहे, खिशात. पुडेवाली म्हणाली, आण, लावून देते. तात्या म्हणाले, एवढंसं काम, मी लावतो. मी म्हटलं, कुणी हात लावायचा नाही. ते लावायला मला थंडीत घरी यायचंय.

दोरा निळाच ठेव.

तुझा चेंडू